लोरा नोडची बॅटरी दोन महिन्यांत बसतेय, नेमकं खातंय कोण?

दूरलहर:
मंडळी, मातीचा ओलावा मोजणारा लोरावॅन नोड केलाय, म्हणजे लोरा रेडिओवरून कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारं सेन्सरचं छोटं यंत्र. गेटवे (नोडची पॅकेटं झेलून इंटरनेटवर टाकणारा) ३ किमीवर, मध्ये झाडं आणि थोडा चढ. दर १० मिनिटांनी १२ बाइटचं पॅकेट जातं, चुकायला नको म्हणून एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, जितका मोठा तितकं पाठवणं हळू पण पल्ला लांब) १२ वर फिक्स केलाय. बॅटरी २४०० मिलिअँप-अवरची. सगळे सांगतात वर्षानुवर्षं चालते आणि इथे दोन महिन्यांत संपली. सरळ एनबी-आयओटी, म्हणजे मोबाइल कंपन्यांचं अशा यंत्रांसाठीचं नेटवर्क, घेऊ का?

सिग्नलवेडा:
एसएफ १२ फिक्स नका ठेवू हो. एसएफ एक पायरी वर गेला की एअरटाइम, म्हणजे पॅकेट हवेत राहण्याचा वेळ, जवळपास दुप्पट होतो, तुमचं एवढंसं पॅकेट एसएफ ७ ला ६० मिलिसेकंदात उरकतं आणि एसएफ १२ ला तेच दीड सेकंद हवेत राहतं. दिवसाला १४४ पॅकेट म्हणजे २१६ सेकंद, तेवढा वेळ चॅनेल अडतो आणि बाकीच्यांची पॅकेटं आदळतात. द थिंग्ज नेटवर्क या सामायिक लोरावॅन नेटवर्कवर तर एका नोडला दिवसाला ३० सेकंदांचीच मुभा आहे. नोड जागचा हलत नाही ना, मग एडीआर चालू करा, म्हणजे सिग्नल बघून नेटवर्कच योग्य एसएफ ठरवेल. आणि गेटवेचा अँटेना झाडांच्या वर काढा, रेंजला त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

सोल्डरधारी:
एडीआरचं शंभर टक्के पटलं, पण बॅटरी एसएफ १२मुळे जात नाहीये. हिशोब बघा, पाठवताना ४० मिलिअँप धरा, गुणिले दीड सेकंद, गुणिले १४४, म्हणजे दिवसाला जेमतेम २.४ मिलिअँप-अवर. तुमची तर रोज ४० जातेय! म्हणजे बोर्ड झोपेतसुद्धा दीड मिलिअँपच्या वर पितोय. रेडिओची चिप कुठली, एसएक्स १२७६ का? तो स्टँडबायमध्ये १.६ मिलिअँप खातो आणि स्लीपमध्ये १ मायक्रोअँपसुद्धा नाही. कंट्रोलर झोपवायच्या आधी रेडिओला स्लीप कमांड देताय का ते आधी बघा. मग पॉवरचा एलईडी, यूएसबीची चिप, आणि सेन्सरला कायम सप्लाय चालू असेल तर तोही. एनबी-आयओटीला गेलात तर गेटवे सांभाळायचा ताप वाचेल, पण सिम आणि ऑपरेटरचं कव्हरेज लागेल, आणि ही गळती तिथेही तशीच राहील.

दूरलहर:
एसएक्स १२७६च आहे! मीटर लावला, झोपेत १.६३ मिलिअँप. स्लीप कमांड टाकल्यावर ३५ मायक्रोअँपवर आला, मनापासून आभार दोघांचे. एडीआर पण चालू केलं. आता प्रत्येक पॅकेटला पोच मागतोय ती ठेवू का?

सिग्नलवेडा:
काढून टाका. पोच द्यायला गेटवेला स्वतः बोलावं लागतं आणि तो बोलत असताना त्याला कुणाचंच ऐकू येत नाही, आणि पोच हुकली की तुमचा नोड तेच पॅकेट परत परत पाठवत बसतो. ओलावा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही, प्रत्येक पॅकेटमध्ये मागची दोन रीडिंगं पण घाला, एखादं हरवलं तरी पुढच्यातून भरून निघेल.