मदत हवी आहे: बाबा दुसऱ्या डोसला नाही म्हणतायत

चाफेकळी (भांडुप), २० मे २०२१, रात्री ९.४०
बाबा लसीचा दुसरा डोस घ्यायला साफ नाही म्हणतायत. मंगळवारी तीन तास रांगेत उभे होते. नंबर आल्यावर खिडकीतल्या मुलीने सांगितलं, "आजोबा, नियम बदलला, ८४ दिवस झाल्यावर या." घरी आले, लसीचा कागद वहीत घातला, वही कपाटावर टाकली आणि म्हणाले, "ह्यांचं ह्यांनाच माहीत नाही. मी परत जाणार नाही." दोन दिवस समजावतेय, आता दोघांचेही आवाज चढायला लागलेत. वय ६७, बीपीची गोळी चालू. ज्यांनी घरच्यांना तयार केलंय त्यांनी नेमकं काय बोललात तेवढं लिहा. लस चांगली की वाईट ही चर्चा नको, प्लीज.

सातरस्ता
कुठली लस? पहिला डोस कधी? कोव्हॅक्सिन असेल तर अंतर बदललेलंच नाही, चार ते सहा आठवडेच आहे. मग त्यांना चुकून परत पाठवलं असेल.

मिरगाचा_पाऊस
ताई, जबरदस्ती करू नका. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. सुंठ, मिरी, तुळस आणि गवती चहाचा काढा रोज सकाळी, रात्री हळदीचं दूध. वर्षभरात काही झालं नाही. प्रमाण हवं असेल तर लिहून देते.

सातरस्ता
काढा जरूर प्यावा, पण लसीच्या जागी नको. माझ्या आत्याचं अख्खं घर काढ्याच्या भरवशावर होतं. आत्या आता नाही.

मिरगाचा_पाऊस
वाईट वाटलं ऐकून. लस घेऊ नका असं मी म्हटलेलं नाही. भांडून घेऊ नका एवढंच.

चाफेकळी
कोविशील्ड. १५ मार्च. तेव्हा २८ दिवस सांगितलं होतं म्हणून १२ एप्रिलला गेलो, तर दारावर लस संपल्याची पाटी. परवा सोमवारी वादळामुळे बंद. मंगळवारी गेलो तर हे. आणि मी विचारलं होतं की काय बोलायचं.

तळ्याकाठी
बाबांशी कशाला बोलता, बाबा बरोबरच आहेत. १३ मेला आपल्याकडे अंतर १२ ते १६ आठवडे केलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी तेच अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. लस तीच. एक तज्ज्ञ उत्तरेला, एक दक्षिणेला. तुटवडा आहे म्हणून अंतर वाढवलं असेल तर तसं सांगा, लोक समजून घेतात. विज्ञानाचं नाव कशाला घेता?

बाराखडी
मी डॉक्टर आहे, कोविड वॉर्डातून आत्ताच आलेय, त्रोटक लिहिते. बारा आठवड्यांना आधार आहे. फेब्रुवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं: दोन डोसांत सहा आठवड्यांहून कमी अंतर असेल तर परिणामकारकता ५५ टक्के, बारा किंवा जास्त असेल तर ८१. ब्रिटनने अंतर कमी केलं कारण तिथे नवा व्हेरियंट पसरतोय आणि म्हाताऱ्या माणसांना एकाच डोसावर ठेवायची त्यांना भीती वाटतेय. दोघांचे आकडे तेच, भीती वेगवेगळी. तुटवडा नाही असं मी म्हणणार नाही, रांगा मीही बघते. पण हे सगळं त्या खिडकीत कुणी सांगत नाही, हा राग मला पटतो.

तळ्याकाठी
मग तो व्हेरियंट इथे नाही का? इथूनच तर तिथे गेला म्हणतात.

बाराखडी
आहे. म्हणूनच हा निर्णय पुन्हा बदलू शकतो. तेही लोकांना आजच सांगून ठेवायला हवं.

गिरणगावकर
या शहराला हे नवीन नाही. १८९६ला मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे घरझडत्या, माणसं उचलून नेणं सुरू झालं, आणि लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. १० जानेवारी १८९७ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण १९०२ला पंजाबात मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ माणसं धनुर्वाताने गेली, आणि हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ उजाडलं. परळला हाफकिन संस्थेवरून जाताना मला हे दरवेळी आठवतं.

वैशाख_वणवा
सर्टिफिकेटवर आडनाव चुकलंय, कुठे दुरुस्त होतं? आणि बुकिंग केल्यावर चार आकडी कोड येतो तो जपून ठेवा, केंद्रावर मागतात.

सातरस्ता
आडनावासाठी वेगळा धागा काढा. चाफेकळी, १२ एप्रिल ते १८ मे, मध्ये सव्वा महिना गेला. तेव्हा का नाही गेलात?

चाफेकळी
मध्ये आम्हा सगळ्यांना झाला होता ना. १८ एप्रिलला बाबांना ताप आला, मग आईला, मग मला. बाबांचा ऑक्सिजन दोन दिवस ९३ला होता, बेड मिळाला नाही, घरीच निघालं. ६ मेला सतरा दिवस पुरे होऊन डॉक्टरांनी मोकळं केलं. बाबांचं म्हणणं, १२ तारखेच्या रांगेतूनच आणला.

बाराखडी
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! पहिल्या डोसनंतर कोविड झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबून दुसरा डोस, असा निर्णय कालच, १९ तारखेला आलाय. ८४ दिवस ७ जूनला भरतील, पण तुम्हाला ती तारीख लागूच नाही. ६ ऑगस्टनंतर बघा. तोवर मास्क, बीपी, आणि धाप लागली तर लगेच दाखवा. आज भांडायचं कारणच उरलं नाही.

चाफेकळी
उरलं कसं नाही? आता जाऊन सांगू की तारीख पुन्हा बदलली?
त्या वहीचं सांगते. गेल्या मार्चपासून बाबा पेपरातली प्रत्येक सूचना कापून तिच्यात चिकटवतात. पहिल्या पानावर, मास्क फक्त आजारी माणसाने आणि त्याची सेवा करणाऱ्याने लावावा. चार पानांनंतर, मास्क नसेल तर कारवाई. मलेरियाची गोळी. रेमडेसिविर. वाण्याने पिशवी दिली की बाबा ती साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालायचे, कारण वहीत तसं होतं. एप्रिलमध्ये त्यांच्या मित्रासाठी आम्ही दोन रात्री प्लाझ्मासाठी, म्हणजे बरं झालेल्या माणसाच्या रक्तातल्या द्रवासाठी, फोन फिरवले. मिळाला, चढवला, काका गेले. आणि या सोमवारी प्लाझ्मा उपचारांच्या यादीतूनच काढला. ते कात्रण त्यांनी चिकटवलं नाही, नुसतं पानात ठेवलंय.

बाराखडी
प्लाझ्मा तर फार आधी थांबायला हवा होता. आयसीएमआरनेच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर अभ्यास केला होता. उपयोग नाही, हे ऑक्टोबरमध्ये छापून आलं. तरी आमच्यातले बरेच जण चिठ्ठ्या लिहीत राहिले, नातेवाईक पळत राहिले. मीही दोनदा लिहिली. बाबांना हे सांगा.

लाल_हिरवा
बाबा नोकरीला कुठे होते?

चाफेकळी
मध्य रेल्वेत गार्ड. २०१४ला रिटायर. त्याचा काय संबंध?

लाल_हिरवा
वाटलंच. मीही रेल्वेतला. आमच्या नियमांच्या पुस्तकात बदल झाला की करेक्शन स्लिप यायची. नंबर, तारीख, कुठल्या नियमाच्या जागी हा नियम, सगळं त्यावर. ती जुन्या मजकुरावर चिकटवायची. नियम बदलला म्हणून कुणी गार्ड रागावला नाही. पण स्लिप न देता कुणी प्लॅटफॉर्मवर येऊन तोंडी सांगितलं, तर तो गाडी सोडायचा नाही. तुमच्या बाबांना खिडकीतून तोंडी सांगितलं गेलंय. समजावणं सोडा, स्लिपा लिहा. काय होतं, काय झालं, कधी, कशामुळे. कारण ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही असं लिहा. वेळ मारून नेऊ नका, त्यांना कळेल.

तळ्याकाठी
मुलीने हे का करावं? हे सरकारचं काम आहे.

लाल_हिरवा
आहेच. पण ऑगस्टपर्यंत तिच्या घरात कोण येणार?

चाफेकळी, २२ मे, सकाळी ७.१५
काल पाच स्लिपा लिहिल्या आणि काही न बोलता वहीवर ठेवून दिल्या. चहा घेताना त्यांनी चष्मा लावून वाचल्या. मास्कच्या स्लिपेवर मी जून लिहिलं होतं. म्हणाले, "चूक. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. मुंबईत महापालिकेचा आदेश ८ एप्रिलचा." पान काढून दाखवलं, स्लिपेवर तारीख सुधारली, आईकडून खळ मागून घेतली आणि चिकटवली.
प्लाझ्माची स्लिप बराच वेळ हातात होती. बाराखडी, तुमचं दोनदा चिठ्ठी लिहिल्याचं मी त्यात नाव न घेता घातलं होतं. ते त्यांनी पुन्हा वाचलं. म्हणाले, "ही बाई खरं बोलतेय." चिकटवली नाही, कात्रणाबरोबर ठेवली.
लसीच्या कागदावर आता ६ ऑगस्ट लिहिलंय. पेन्सिलने.