मदत हवी आहे : बाससाठीचा अमेरिकी रॉड आणि रील खाडीतल्या जिताड्याला चालेल का?

नमस्कार. मी घणसोलीला राहतो आणि सवड मिळेल तेव्हा खाडीवर गरवायला जातो. आजवर साधी दोरी, शिसे आणि कोळंबीचे आमिष एवढ्यावर माझे भागत होते. आता अमेरिकेत राहणाऱ्या मेहुण्यांनी त्यांच्याकडचा बास हा मासा धरण्याचा संच मला दिला आहे. त्यात साडेसहा फुटी मध्यम ताकदीचा रॉड, बेटकास्टिंग रील (रॉडच्या वरच्या बाजूला बसणारे, आडव्या फिरत्या चकतीचे), त्यावर गुंडाळलेली 12 पौंडी ताण पेलणारी मोनो (एकपदरी नायलॉन) दोरी आणि डबाभर कृत्रिम आमिषे आहेत: लांब रबरी गांडुळे, स्पिनरबेट (तारेवर फिरती चकचकीत पाती असलेले आमिष), दोन-तीन पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारी आमिषे) आणि टेक्सास रिगसाठीचे, म्हणजे टोक रबरी आमिषात दडवून लावायचे, वाकडे गळ.

तिकडचा लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. आपला जिताडा निमखाऱ्या पाण्यातला आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा होणारा असला, तरी शिकारीची रीत बरीचशी तीच असल्यामुळे हे साहित्य त्याच्यासाठी वापरून पाहावे, असे मनात आहे. ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य असल्याने तो भाग मी टाळतो आणि बेलापूरकडे दिवाळ्याच्या बाजूला जातो.

माझ्या शंका अशा आहेत. खाडीच्या गढूळ पाण्यात यातली कोणती आमिषे उपयोगी पडतील? 12 पौंडी दोरी पुरेल का, की ती बदलावीच लागेल? आणि भरती-ओहोटीतली नेमकी कोणती वेळ साधावी? दुकानात विचारले तर सगळेच नवे घ्या असे सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, पण हाताशी असलेले साहित्य अडगळीत टाकणे मला पटत नाही.

प्रतिसाद

नमस्कार. सगळे बदलण्याची गरज नाही. दोरी मात्र बदलाच. जेट्टीच्या खांबांना आणि दगडांना धारदार शिंपल्यांची कालवे चिकटलेली असतात, आणि गळाला लागलेला जिताडा पहिली धाव आडोशाकडेच घेतो. 12 पौंडी मोनो तिथे क्षणभरही टिकत नाही. 30 पौंडी ब्रेडेड (बारीक धागे विणलेली) दोरी भरा आणि तिच्या टोकाला साधारण मीटरभर 40 पौंडी लीडर, म्हणजे गळापाशी घर्षण सोसणाऱ्या जाड दोरीचा तुकडा, जोडा, कारण ब्रेडेड दोरी ताणाला चिवट असली तरी घासली की लगेच तुटते. जिताड्याच्या तोंडाची कडही कानशीसारखी खरखरीत असते. म्हणून दर थोड्या वेळाने लीडरवरून नख फिरवून पाहावे आणि कुठे खरखर लागली, तर तेवढा तुकडा कापून आमिष पुन्हा बांधावे. हा कंटाळा करणाऱ्यांचेच मोठे मासे सुटतात.

आमिषांपैकी लांब गांडुळे बाजूला ठेवा. त्यांच्याऐवजी चार इंची, रुंद शेपटीची रबरी मासोळी आणा, कारण गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा शेपटीच्या थरथरीवर मासा अधिक येतो. टेक्सास रिगचे गळ मात्र तुमच्या डब्यातली सर्वांत मोलाची वस्तू आहेत. गळाचे टोक रबरात दडलेले असल्याने तिवरांच्या मुळांमध्ये आमिष टाकले तरी ते अडकत नाही, आणि जिताडा नेमका तिथेच असतो. आमिष सावकाश ओढावे, मध्येच थांबवून खाली जाऊ द्यावे. बहुतेक वेळा मासा त्या थांब्यातच घेतो. स्पिनरबेट चालेल, पण त्याची तार आणि बासच्या मापाचा गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो. पॉपर पहाटेच्या शांत पाण्यासाठी राखून ठेवा.

वेळेबद्दल सांगायचे, तर ओहोटीचे शेवटचे दोन तास साधावेत. तिवरांमध्ये शिरलेले पाणी लहान ओहळांतून खाडीत परतू लागले की कोळंबी आणि बोयटांची पिल्ले त्याबरोबर बाहेर येतात, आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशी, प्रवाहाच्या आडोशाला, वाट पाहत असतो. मोबाइलवर वेळापत्रक मिळते, पण आपल्याकडचा तिथीच्या पाऊणपटीचा जुना हिशोबही अंदाजापुरता पुरेसा आहे: षष्ठीला सहाची पाऊणपट म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होते, साडेदहा-पावणेअकराला ओहोटी संपते, म्हणजे सकाळी साडेआठपासून बसावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह इतका जोराचा असतो की हलके आमिष तळाला जातच नाही आणि पाणीही फार गढुळते. उलट ऐन भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरती-ओहोटीत, पाणी हलत नाही म्हणून मासा सुस्तावतो. मला स्वतःला पंचमी-षष्ठीचे दिवस बरे वाटतात.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की किती ताणावर दोरी सुटावी हे ठरवणारा ब्रेक, अंदाजाने ठेवू नका. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीच्या टोकाला लावून सरळ ओढावा आणि तीन-साडेतीन किलोवर दोरी सुटू लागेल असा ड्रॅग बसवावा. मासा उडी मारून डोके झटकू लागला की रॉडचे टोक खाली न्यावे, पण दोरी सैल पडू देऊ नये. काठावर आल्यावर त्याच्या कल्ल्यांपाशी बोट नेऊ नका. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी कापते. ओठ पकडायचा चिमटा जवळ असू द्या.

दिवाळ्याला कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांपासून (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांपासून) लांब राहावे आणि होड्या लागायच्या जागी रॉड पसरून बसू नये. विचारून बसलात, तर मासा कुठे फिरतो आहे हेही तेच सांगतात.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. दोरी बदलतो आणि रबरी मासोळ्या आणतो. एक शंका उरली: हे रील मुळात गोड्या पाण्यासाठीचे आहे, खाऱ्या पाण्यात त्याचे आयुष्य किती धरावे? आणि ब्रेडेड दोरी थेट त्याच्या चकतीवर गुंडाळली तर चालेल का?

प्रतिसाद

थेट गुंडाळू नका. ब्रेडेड दोरी गुळगुळीत चकतीवर घसरते आणि ड्रॅग कितीही आवळला तरी सगळा गुंडाळा गोल फिरत राहतो. तुमचीच जुनी मोनो दोरी आधी थोडे वेढे घालून घ्या आणि तिला ब्रेडेड जोडा. आयुष्य निगेवर अवलंबून आहे. घरी आल्यावर त्याच दिवशी ड्रॅग आवळून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत ढकलले जाते. मग पुसून, ड्रॅग सैल करून, सावलीत वाळवावे आणि बेअरिंगना थेंबभर तेल द्यावे. बेटकास्टिंग रीलने दहा ग्रॅमहून हलके आमिष वाऱ्याविरुद्ध फेकू नका, नाहीतर सकाळ गुंता सोडवण्यातच जाईल. दुपारी पश्चिमेचा वारा सुटल्यावर तर नकोच.