विद्यापीठात स्पॅनिश भाषा व संस्कृती केंद्र सुरू करायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या राज्य विद्यापीठात स्पॅनिशचा सध्या फक्त हौशी वर्ग चालतो. त्याचं आता रीतसर केंद्र करायचं आहे. दोन खोल्या मिळाल्या आहेत. 'सेर्वांतेस' हे नाव लावता येईल का? डेले (स्पॅनिश येत असल्याचं अधिकृत प्रमाणपत्र देणारी) परीक्षा आपल्याकडे घेता येईल का? स्पेनहून शिक्षक आणायला काय लागतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
नावाचं नंतर बघा. इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेन सरकारची १९९१ साली स्थापन झालेली संस्था आहे, दिल्लीतही तिचं केंद्र आहे. विद्यापीठांच्या आवारात तिची 'आउला सेर्वांतेस' ही छोटी केंद्रं असतात, पण ती तिच्याशी करार करूनच. करार नसताना ते नाव पाटीवर नको. 'हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषक जगाचं) अभ्यास केंद्र' म्हटलंत तर मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबियाही त्यात येतात आणि त्यांच्या वकिलातींकडेही मदत मागता येते.

आधी अभ्यासक्रम मंजूर करून घ्या. अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद. पदं आणि पैसा व्यवस्थापन परिषदेकडे. इथे एक चूक हमखास होते. यूजीसीच्या हिशेबात व्याख्यानाचा १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १५ तास, म्हणून ए१ ही भाषेची सर्वांत पहिली पातळी ४ श्रेयांकांत, ६० तासांत बसवतात. व्याकरण होतं, बोलणं राहून जातं. प्रात्यक्षिकाचा १ श्रेयांक ३० तासांचा असतो, तो जोडून मागा. एकूण ९० तास होतात. तुकडी २० ते २४ जणांची ठेवा, त्याहून मोठ्या वर्गात प्रत्येकाला बोलायची पाळीच येत नाही.

प्रतिसाद २
डेलेसाठी परीक्षा केंद्राचा करार वेगळा करावा लागतो. शिकवण्याची मान्यता असली म्हणून परीक्षेची मिळतेच असं नाही. ए१ ते बी२ या पातळ्यांना वाचन-लेखन हा एक गट आणि श्रवण-संभाषण हा दुसरा. दोन्हींत ५०पैकी किमान ३० लागतात. एकात ४८ आणि दुसऱ्यात २९ पडले तरी नापास! आपली मुलं बहुधा श्रवणात अडकतात, कारण वर्षभर एकाच शिक्षकाचा आवाज कानावर पडलेला असतो. पहिल्या महिन्यापासून माद्रिद, मेक्सिको, ब्वेनोस आइरेस अशा वेगवेगळ्या ठिकाणचं बोलणं ऐकवा. चांगले स्पीकर हीच पहिली खरेदी असू द्या. तोंडी परीक्षेला तयारीची जागा वेगळी लागते, हे दोन खोल्यांच्या आखणीत आत्ताच धरा.

प्रतिसाद ३
परदेशी शिक्षकाला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्याला वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे, पण इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणाऱ्यांना तिच्यातून सूट आहे. म्हणून नेमणूकपत्रात 'स्पॅनिश भाषा शिक्षक' असंच स्पष्ट लिहा. 'सांस्कृतिक समन्वयक' असं लिहिलं तर सूट मागायला आधार राहत नाही. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी. तरी केंद्राची मदार पाहुण्या शिक्षकावर ठेवू नका, तो गेला की वर्ग बंद पडतात. निदान एक पद इथल्या माणसासाठी कायम मंजूर करून घ्या.

धागाकर्ता
मनापासून आभार. वकिलातीने पुस्तकं भेट दिली तर थेट घेता येतील ना?

प्रतिसाद ३
थांबा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, त्यातल्या देणगीच्या व्याख्येत पैशाबरोबर वस्तूही येते. स्वीकारपत्र देण्याआधी वित्त व लेखा अधिकाऱ्यांचं लेखी मत घ्या.