नवजात बाळांच्या खुब्याची सोनोग्राफी सरसकट करावी का?

धागालेखक : काही बाळांच्या खुब्याची उखळी जन्मतः उथळ असते आणि मांडीच्या हाडाचा गोल तीत नीट बसत नाही. ब्रिटनसारख्या देशांत सोनोग्राफी मुख्यतः पायाळू बाळांची, घरात कोणाला हा विकार असल्यास किंवा हाताच्या तपासणीत शंका आल्यास होते. मला हा निकष अपुरा वाटतो, कारण विकार असलेल्या बहुतेक बाळांत यांपैकी जोखमीचे एकही कारण नसते. ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये आणि जर्मनीने १९९६ मध्ये सर्वच बाळांची तपासणी सुरू केली. मूल लंगडत चालू लागल्यावर निदान झाले, तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

प्रतिसाद १ : असहमत. नॉर्वेतील बर्गन येथील, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उशिरा निदान होण्याचे प्रमाण सरसकट सोनोग्राफीच्या गटात दर हजारी ०.३, निवडक गटात ०.७ आणि केवळ हाताने तपासलेल्या गटात १.३ होते, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. उपचार मात्र अनुक्रमे ३.४, २.० आणि १.८ टक्के बाळांवर झाले. उपचारात बांधला जाणारा, पाय फाकवून ठेवणारा पाव्हलिक पट्टा निरुपद्रवी नसतो. क्वचित त्याने गोलाचा रक्तपुरवठा बिघडतो. धडधाकट बाळाला तो का बांधावा?

धागालेखक : बांधूच नये. सोनोग्राफीचे चित्र मोजण्याच्या ग्राफ पद्धतीत उखळीचा अल्फा कोन (ती किती खोल आहे याचे माप) ६० अंश किंवा अधिक असला, तर सांधा पक्व समजतात. पहिल्या तीन महिन्यांत तो ५० ते ५९ असल्यास बहुतेक सांधे आपोआप सुधारतात, म्हणून तिथे फेरतपासणी पुरते. जादा उपचारांचा दोष यंत्राचा नसून उतावळेपणाचा आहे. शिवाय इतक्या विरळ घटनेत फरक सिद्ध करायला त्या अभ्यासातील सुमारे १२,००० बाळेही कमीच पडतात.

प्रतिसाद २ : दोघेही तपासणाऱ्याला विसरलात. प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग) जरासा तिरका धरला तरी कोन बदलतो, आणि उखळीच्या तळाशी असलेले श्रोणिहाडाचे टोक चित्रात दिसत नसेल, तर ते मापन (अंक कितीही नेमका छापून येवो) ग्राह्य धरता येत नाही. एक्स-रेने पडताळा घ्यावा, तर या वयात गोल कूर्चेचाच असल्यामुळे तो त्यात दिसत नाही. प्रशिक्षित हात पुरेसे होईपर्यंत निवडक तपासणीच बरी, मात्र पायाळू जन्मलेले एकही बाळ तिच्यातून सुटता कामा नये.

धागालेखक : प्रशिक्षणाची अट मान्य. तरी ज्या बाळात जोखमीचे काहीच नाही आणि हातालाही काही जाणवत नाही, त्याच्या उथळ उखळीचा पत्ता निवडक तपासणीत कसा लागणार, ते आपण सांगितले नाही.