ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी आणि आपला पांदण रस्ता

आर्वीकडचा (धागा सुरू करणारा):
अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव आर्वी तालुक्यात. वाहनं बनवणारी एक कंपनी आमच्या कॉलेजशी करार करतेय. स्वतःहून चालणाऱ्या गाडीवर काम पोरांनी करायचं, गाडी आणि सेन्सर कंपनीचे. माझं मत, हे झालंच पाहिजे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पाने २००४ मध्ये मोहावी वाळवंटात ड्रायव्हरशिवायच्या गाड्यांची सुमारे २४० किलोमीटरची शर्यत ठेवली, तर सगळ्यांत पुढची गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गाडीने २१२ किलोमीटर पार करून शर्यत जिंकली. तिला फोक्सवॅगनची साथ होती. २००७ ची शहरी शर्यत कार्नेगी मेलनने जनरल मोटर्ससोबत जिंकली. मग विदर्भातल्या पोरांमध्ये काय कमी आहे?

पांदणवाला:
भाऊ, पोराईत कमी नाही, रस्त्यात हाय. पावसाळ्यात आमच्या पांदणीत, म्हंजे वावराच्या कच्च्या रस्त्यात, बैलबंडी रुतते, चार जणाईले ढकला लागते. तुह्या गाडीले पांढरा पट्टा पाहिजे, तो आमच्या डांबरी रस्त्यावरही नाही. रात्री कापसाच्या जीनातून वापस येणाऱ्या बंडीले मांगं दिवा नसते. मी बारा वर्सं काळीपिवळी चालवली, मले अंधारात बैलाची घंटी आयकू येते. कॅमेऱ्याले येईन का? आन गाडी स्वतःच चालली त मी काय खाऊ?

आर्वीकडचा:
काका, बंडीचंच म्हणतोय मी. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या तंत्रशिक्षण संस्थेने इंटेलसोबत आपल्याकडच्या रस्त्यांची १०,००० चित्रं जमवली, त्यांतल्या वस्तू ३४ प्रकारांत वेगळ्या केल्या, ऑटोरिक्षा आणि जनावरंसुद्धा. पण ते रस्ते हैदराबाद-बंगळुरूकडचे. कापसाने भरलेल्या बंडीची चाकंही धड दिसत नाहीत. ती गाडीला ओळखू यायला हवी असेल तर चित्रं इथेच काढावी लागतील. घंटीचं मात्र खरंच सुचलं नव्हतं, मायक्रोफोन लावून बघण्यासारखं आहे. पोटाच्या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही.

माजी विद्यार्थिनी, अमरावती:
मी असं काम केलंय, म्हणून विरोधात लिहितेय. सहा महिने आम्ही सातजणी चित्रांवर चौकटी आखत बसलो. ही गाय, हा खड्डा, ही सायकल. गाडी शेवटपर्यंत पाहिली नाही, प्रोग्रॅम उघडायची परवानगी नव्हती. हाती आलं एक प्रमाणपत्र. याला सहकार्य म्हणू नका, ही फुकटची मजुरी आहे. पोरांनी लिहिलेला प्रोग्रॅम कोणाचा, जमवलेली चित्रं कॉलेजकडे राहणार का, महिन्याला पैसे किती, हे कागदावर येत नाही तोवर सही करू नका. तुम्ही सांगितलेल्या शर्यतींत विद्यापीठांचं नाव पुढे होतं. आमचं कुठेच नव्हतं.

वणीची शेतकरीण:
सगळे रस्त्यावरच अडले. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, माणूस आत शिरून फवारत होता. माझ्या मते माणसावाचून काही चालायचंच असेल तर आधी फवारणीचं यंत्र चालावं. वावरात ना ट्रक येतो ना लहान पोरं आडवी येतात, पिकाच्या दोन ओळींमधल्या तासातून हळू जायचं. महिंद्राने २०१७ मध्येच ड्रायव्हरशिवायचा ट्रॅक्टर दाखवला होता. त्यांचे ट्रॅक्टर नागपुरातही बनतात, मग हे काम इथल्या पोरांना का मिळू नये?

पांदणवाला:
ताई, याले माहा विरोध नाही. फवारणीची मजुरी कोणी हौसेनं करत नाही. पण धुऱ्यावर, वावराच्या बांधापाशी, वळताना यंत्र तुरीच्या वळीत घुसलं त नुकसान कोण भरन? तेही त्या कागदात लिहा.

आर्वीकडचा:
सोमवारी कॉलेजात कराराची बैठक आहे. अमरावतीच्या ताईंचे तीन प्रश्न आणि काकांची नुकसानभरपाई, दोन्ही मांडतो. गाडीऐवजी फवारणी यंत्र घ्या, हेही सांगतो, पण कंपनी ऐकेल याची खात्री नाही. चाचणीला वावर लागेल, तूर-कपाशीचं, धुऱ्यावर वळायला जागा असलेलं.

वणीची शेतकरीण:
माझं तीन एकर आहे. पण पहिल्या दिवशी टाकीत नुसतं पाणी भरायचं, औषध नाही.