यिडिश: स्वतंत्र भाषा की ‘बिघडलेली जर्मन’?

पूर्वभागकर (सोलापूर):
आमच्या वाचक मंडळात आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथांवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांना १९७८ चे साहित्याचे नोबेल मिळाले आणि ते अखेरपर्यंत युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेत लिहीत राहिले, इतके मला ठाऊक आहे. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र ‘हिब्रू लिपीत लिहिलेली बिघडलेली जर्मन’ असे म्हणून भाषेचा विषयच मिटवला. माझ्या घरी तेलुगू बोलतात आणि पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहून तिच्यात मराठी इतकी मिसळली आहे की तेलंगणातले पाहुणे हसतात. त्यामुळे हे विशेषण मला सहज पटत नाही. जाणकारांनी सांगावे: यिडिश स्वतंत्र भाषा का मानायची, ती इस्राएलची राजभाषा का झाली नाही आणि आपल्या कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाशी तिचा काही संबंध होता का?

जुना ग्रंथपाल:
यिडिश सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या परिसरातील ज्यूंमध्ये, तेव्हाच्या जर्मन बोलींमधून घडली. म्हणजे आजची प्रमाण जर्मन तिची आई नव्हे, फार तर बहीण. छळ आणि हकालपट्ट्यांमुळे हा समाज पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडे सरकला तेव्हा स्लाव्ह भाषांतील शब्द आणि वाक्यरचनेच्या लकबी तिच्यात आल्या. धर्माचे आणि विद्याव्यवहाराचे शब्द तर आधीपासूनच हिब्रू-अरामी या ज्यू धर्मग्रंथांच्या भाषांचे होते. तिचे सर्वांत जुने तारीखवार वाक्य वर्म्स येथील १२७२ च्या प्रार्थनाग्रंथात आहे: हा जड ग्रंथ सिनेगॉगपर्यंत (ज्यूंच्या प्रार्थनास्थळापर्यंत) वाहून नेणाऱ्याचे भले होवो, असा आशीर्वाद मोठ्या अक्षरांच्या पोकळीत लिहिला आहे आणि त्यात ‘ग्रंथ’ व ‘सिनेगॉग’ यांसाठीचे शब्द हिब्रू आहेत. ज्या मिश्रणाला आपले ज्येष्ठ सदस्य बिघाड म्हणतात, ते पहिल्याच वाक्यात आहे. सोलापूरच्या तेलुगूशी तुलना मात्र जपून करावी. त्या बोलीच्या पाठीशी तेलुगू मुलूख उभा आहे. यिडिशच्या मागे असे राज्य कधीच नव्हते.

रेल्वे लाइन्स:
राजभाषेविषयी. १९०८ मध्ये चेर्नोव्हिट्सच्या परिषदेत यिडिशला ज्यू लोकांची एक राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली, परंतु झिओनिस्ट, म्हणजे ज्यूंसाठी स्वतःचे राष्ट्र मागणाऱ्या, चळवळीच्या दृष्टीने ती परागंदा जीवनाची खूण होती. शिवाय येमेन, बगदाद किंवा कोचीन येथील ज्यूंना ती येत नव्हती. प्रार्थनेमुळे हिब्रूची ओळख मात्र सर्वांना होती, म्हणून निवड हिब्रूची झाली. तरीही खरा घाव दुसऱ्या महायुद्धाने घातला. युद्धापूर्वी यिडिश भाषकांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख होती आणि नाझींनी मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंपैकी बहुसंख्यांची ती मातृभाषा होती. विल्नामध्ये (आजचे लिथुआनियातील विल्नियस) १९२५ साली यिडिशच्या संशोधनासाठी ‘यिव्हो’ ही संस्था स्थापन झाली होती. नाझींनी तिथल्या ग्रंथांची लूट करताना वर्गवारीसाठी घेटोतील (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतील) ज्यू लेखक-विद्वानांनाच जुंपले. त्यांनी, त्यांत कवी अव्रोम सुत्सकेव्हरही होते, हस्तलिखिते कपड्यांत लपवून बाहेर काढली. पुढे स्टालिनच्या राजवटीने १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत पेरेत्स मार्किश यांच्यासह कित्येक यिडिश साहित्यिकांना ठार केले. त्यामुळे राजभाषेचा निर्णय हे तिच्या ऱ्हासाचे एकमेव कारण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अलिबागकर:
बेने इस्राएलांशी यिडिशचा संबंध नव्हता. यिडिश ही अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा. कोकणातले ज्यू मराठीच बोलत आले आणि त्यांची अनेक आडनावेही गावांवरून ‘-कर’ने संपतात. वल्हांडण सणाच्या रात्री वाचली जाणारी हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली.

वरच्या प्रतिसादांतील भूतकाळाविषयी मात्र हरकत नोंदवतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन, लंडन, अँटवर्प आणि जेरुसलेम येथील हसिदी (एका कट्टर धर्मनिष्ठ ज्यू पंथाच्या) घरांत लहान मुले आजही यिडिशमध्येच वाढतात. अडचण वेगळीच आहे: ही धर्मनिष्ठ कुटुंबे यिडिश लेखक शोलेम अलेखेम किंवा सिंगर यांचे ऐहिक साहित्य सहसा घरात येऊ देत नाहीत आणि त्या साहित्याच्या चाहत्यांपैकी पुष्कळांना भाषा येत नाही. अमेरिकेत ॲरन लान्स्की यांनी १९८० पासून वारसांनी टाकून दिलेली यिडिश पुस्तके गोळा करायला सुरुवात केली आणि संख्या दहा लाखांपलीकडे गेली. पुस्तके बचावली; वाचक किती उरले, हा प्रश्न राहिलाच.

पूर्वभागकर:
सर्वांचा आभारी आहे. १२७२ चे वाक्य मंडळात नक्की सांगेन. कथांसाठी इंग्रजी अनुवाद विश्वासार्ह मानावेत का?

जुना ग्रंथपाल:
मानावेत, पण ते वेगळे लेखन आहे हे समजून. सिंगर न्यूयॉर्कच्या ‘फॉरव्हर्ट्स’ या यिडिश वृत्तपत्रात लिहीत आणि नंतर अनुवादकांबरोबर बसून इंग्रजी आवृत्तीत बरेच बदल करीत. इतर भाषांतील भाषांतरेही त्या इंग्रजीवरूनच व्हावीत, असा त्यांचा आग्रह असे. ‘गिम्पेल द फूल’ ही कथा निवडणार असाल, तर १९५३ चा सॉल बेलो यांचा अनुवाद वाचा आणि बोलताना अनुवादकाचे नावही सांगा.