चाक ‘सेट’ करायची गरजच नसते
एकांनी लिहिलंय की कॅसिनोतल्या रूलेटचं (फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ) चाक आधीच ‘सेट’ केलेलं, म्हणजे फसवं असतं, म्हणून माणसं हरतात. मला हे पटत नाही. कॅसिनोचा नफा नियमातच बसवलेला आहे. एका शून्याच्या चाकावर (1 ते 36 आणि एक 0) 37 घरं असतात, पण आकडा लागला तर 35 पटच मिळतात (लावलेले परत धरून 36). म्हणजे 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचे. दोन शून्यांच्या चाकावर तेच 5 रुपये 26 पैसे.

ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण ही कपात प्रत्येक फेरीला होते, आणि खरा घात तिथेच आहे. पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर माझा मावसभाऊ 10 हजारांच्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेऊन बसला होता. दर फेरीला हजार. तासाभरात चाळीसेक फेऱ्या झाल्या, म्हणजे प्रत्यक्षात 40 हजार लावून झाले, आणि त्यावर सरासरी हजारावर रुपये गेलेच म्हणायचे. जिंकलेल्या चिप्स तो खिशात टाकतच नव्हता, तशाच पुन्हा हिरव्या कापडावर सरकवायचा. पहाटे जेटीवर उतरल्यावर टॅक्सीचे पैसे मी दिले.